माग, जॅकार्ड आणि लिनो : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

विषय मंजूर झाला. शेवटच्या वर्षाच्या मुद्राचित्रणासाठी मी आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमागाचे कारखाने घेतेय. माध्यम लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर (ब्लॉकवर) कोरून, शाई लावून छापलेलं चित्र. काळी शाई, पांढरा कागद. सरांनी एकच अट घातली: फोटोवरून कोरायचं नाही, कारखान्यात बसून केलेल्या रेखाटनांवरूनच ब्लॉक करायचा. अट मनापासून पटली. मोबाइल अंधार स्वतःच्या हिशेबानं उजळून टाकतो. आमच्या गल्लीतल्या कारखान्यांत भर दुपारीही आत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो. वर पत्रा, दोन-चार ट्यूबलाइट, मागांच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि सगळ्यावर सुताचा बारीक तूस बसलेला. मला हा अंधार चित्रात हवाय, म्हणूनच लिनो. न कोरलेला लिनो शाई लावून छापला तर सलग काळा चौकोन मिळतो. चित्राची सुरुवात काळ्यापासून होते आणि कोरणी चालेल तिथं उजेड येतो.

८ जानेवारी

लिनोचं पार्सल आलं. मूळात ही फरशीवर अंथरायची वस्तू. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टननं तिचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेत आटवून घट्ट करायचं, त्यात बुचाचा भुगा मिसळायचा आणि मागून तागाचं कापड लावायचं. तुकडा उलटा करून पाहिला तर ताग स्पष्ट दिसतो, उभे-आडवे धागे मोजता येतात. विणकराच्या घरातल्या मुलीला हे पाहून बरं वाटणारच.

लाकडाला रेषा असतात, कोरणी त्यांच्या दिशेनं पळते. लिनोला तशी दिशा नाही, कुठूनही कुठंही वळता येतं. उन्हात थोडा वेळ ठेवला की आणखी मऊ होतो. थंड देशांत तो शेकावा लागतो म्हणे. सोलापुरात गच्चीवर नेला की काम झालं.

१२ जानेवारी

आज चार हुतात्मा चौकात हारफुलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं. त्याच्या आधीच्या वर्षी, मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळलं आणि इंग्रजांनी इथं लष्करी कायदा लावला. हे सगळं शाळेपासून ऐकत आलेय. पण गेल्या आठवड्यात सरांनी वर्गात चित्रकार नंदलाल बोस यांनी केलेलं गांधीजींचं लिनोकट दाखवलं आणि त्याचं साल पाहिलं, तर तेही १९३०. दांडीला निघालेले गांधीजी, हातात काठी, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी उभे केलेले.

त्या चित्रात मागे रस्ता नाही, समुद्र नाही, माणसं नाहीत. सगळं काळं सोडलंय. धोतराच्या चुण्या, पायाची पिंढरी, काठी, एवढ्यावर चालण्याचा वेग येतो. मी बराच वेळ फक्त पायांकडे बघत होते. पुढच्या पायावर भार आहे हे किती थोड्या रेघांत कळतं! आणि एकदा ब्लॉक कोरला की त्याच्या कितीतरी प्रती निघतात, आंदोलनाच्या काळात याला किती मोल असेल. मुद्राचित्र हे मुळात अनेकांच्या हातात जाण्यासाठीच असतं. माझ्या प्रकल्पाच्या प्रती कारखान्यातल्या माणसांनाही द्यायच्या, हे आज ठरवलं.

१६ जानेवारी

गड्ड्यामुळे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे, कॉलेज अर्धं रिकामं. अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ वही घेऊन गेले होते. सात नंदीध्वज (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या), आणि सगळीकडे पांढरी बाराबंदी घातलेली माणसं. पांढऱ्यापुढे पांढरं, त्यापुढे पुन्हा पांढरं. पेन्सिलीनं प्रत्येकाची बाह्यरेषा काढत बसले तर चित्रातली गर्दीच नाहीशी होते. शेवटी फक्त सावल्या भरल्या: बगलेखालची, दोन खांद्यांमधली फट, फेट्याखालचे चेहरे. रेषा न काढताही माणसं एकमेकांपासून सुटी झाली. प्रकल्पाचा हा विषय नव्हे, पण हात त्याच कामाला लागलाय.

२४ जानेवारी

मामाच्या कारखान्यात रेखाटनं सुरू केली. मामा इथं पूर्वी ग्राफ आणि पंचिंगचं काम करायचा. आता बऱ्याच कारखान्यांत चादरीऐवजी टॉवेल निघतात आणि नक्षी संगणकावर होते, तरी या कारखान्यात जुन्या जॅकार्डचे (धागे उचलून नक्षी पाडणाऱ्या यंत्राचे) काही माग अजून चालतात.

रेखाटन करायला सगळ्यात अवघड भाग म्हणजे मागाच्या वरचा. माग खाली, आणि डोक्यावर लोखंडी सांगाड्यात जॅकार्ड. त्यातून शेकडो दोऱ्या खाली ताण्यापर्यंत, म्हणजे उभ्या धाग्यांपर्यंत, उतरतात. बाजूला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची शिवलेली माळ लोंबते, आणि माग चालेल तसा एकेक पत्ता पुढे सरकतो. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे गेला की पुढचा पत्ता. आवाज इतका की शेजारच्याशी बोलताना कानाला तोंड लावावं लागतं. कामगार एकमेकांशी खुणेनंच बोलतात. त्या खुणांची वेगळी पानं भरली: दोन बोटं वर, तळहात आडवा, मान झटकन डावीकडे.

दोऱ्यांच्या त्या पडद्यामागे उभा असलेला माणूस मला पहिल्या ब्लॉकसाठी हवाय.

२ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार.

रविवार, माग बंद. मामाला माझा पहिला आराखडा दाखवला. दोऱ्यांचा पडदा, मागे माणूस, आणि उजवीकडे दारातून येणारा उजेड, तो सगळा कोरा पांढरा सोडलेला. मामानं आराखडा हातात धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही एवढी मोकळी जागा कशाला ठेवलीस?"

म्हटलं, "मामा, तो उजेड आहे."

"उजेड हाय ते दिसतंय की. पण ह्याला बांधलंस कुठं?"

मग आतून जुने ग्राफ काढून आणले. पिवळे पडलेले मोठे चौकटीचे कागद, लाल रंगानं भरलेले चौकोन. एक उभी ओळ म्हणजे जॅकार्डचा एक हूक, एक आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी, म्हणजेच एक पत्ता. भरलेल्या चौकोनाच्या जागी पत्त्याला भोक पाडायचं. भोक असलं की सुई त्यात शिरते, हूक जागेवर राहतो आणि वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो. भोक नसलं तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. तिसरी शक्यता नाही. भोकं पाडायच्या मशीनला पियानो म्हणतात. बोटांनी कळा दाबायच्या आणि पायानं पेडल. मामाची बोटं बोलताना अजून तशी हलतात.

कागदाचे चौकोनही नेहमी चौरस नसतात. उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी वेगवेगळी असली तर चौकोन त्या प्रमाणात लांबट छापलेले असतात, नाहीतर कागदावरचं गोल फूल चादरीवर चेपटं होतं.

मग मामानं मला मुद्द्याकडे आणलं. एका मोराच्या ग्राफमध्ये मोराचं अंग सलग लाल नव्हतं. मधेमधे एकेक चौकोन रिकामा सोडलेला, ठरावीक अंतरानं, तिरक्या ओळीत. मला वाटलं ती पिसं. मामा म्हणाला, "पिसं नव्हेत ती, बांधणी हाय. सलग सोडलं तर धागा नुसता वर तरंगतो, कशात तरी अडकतो आणि तुटतो. मोठी जागा आली की मधे मधे बांधायचं. आणि बांधलेलं दिसायलाही चांगलं पायजे. लोकांना ती नक्षीच वाटली पायजे."

घरी येऊन आराखड्याकडे पाहिलं. लिनोत नेमकं हेच आहे. मोठी जागा खोलवर कोरून मोकळी केली की छापताना कागद त्या खड्ड्यात झोळ धरतो, आणि रोलर आत टेकून तिथं नको तेवढी शाई लावतो. त्यावर पुस्तकी उपाय म्हणजे खड्डा आणखी खोल करा. मामाचा उपाय वेगळा: मधे बांधा. कोरताना दोन चरांच्या मधे काही बारीक कंगोरे उभे ठेवायचे. ते छापले जातील, पण कुठं आणि कोणत्या दिशेनं छापले जातील हे आपण ठरवायचं. दारातून येणारा उजेड तिरका असेल तर कंगोरेही तिरके. तूस उडत असेल तर तुटक. असा बांधलेला उजेड त्या दाराचा, त्या वेळेचा उजेड होतो, नुसता कोरा कागद राहत नाही.

कला शिकताना पांढऱ्या जागेबद्दल मी इतके दिवस "मोकळी", "श्वास घेणारी" असं काहीबाही ऐकत आले. कापड विणणाऱ्याकडून पहिल्यांदा कळलं की रिकाम्या जागेचंही बांधकाम करावं लागतं. या प्रकल्पात मला एवढंच नीट करून दाखवायचंय.

५ फेब्रुवारी

आराखडा नव्यानं. ट्रेसिंग पेपर उलटा करून लिनोवर उतरवला, कारण छाप आरशासारखी उलटी येते. माणूस डावखुरा व्हायला नको, मागाची दांडी चुकीच्या हाताला जायला नको. कामगार हे चित्र बघणार आहेत आणि त्यांच्या नजरेतून ते सुटणार नाही.

१५ फेब्रुवारी

कोरणं चालू आहे. हाताला कळलेल्या गोष्टी विसरायच्या आत लिहून ठेवते.

व्ही आकाराची कोरणी रेघांसाठी, यू आकाराची जागा मोकळी करण्यासाठी. कोरणी उभी धरली की रुतते, जवळजवळ आडवी धरली की सरकते. वळण घेताना मनगट फिरवायचं नाही, डावा हात ब्लॉक फिरवतो आणि कोरणी सरळच चालते. डावा हात कायम पात्याच्या मागे. ब्लॉकखाली कड असलेली फळी ठेवली की तो टेबलावरून पुढे सरकत नाही, त्यामुळे हात पुढे ठेवायचा मोहच होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं दोऱ्यांबद्दल. काळी बारीक दोरी हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंनी कोरताना उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा. वर दोरी केसाएवढी आणि बुडाशी रुंद. उतार आतल्या बाजूला गेला तर दोरी खालून पोखरली जाते आणि रोलरच्या दाबानं मोडते. पूर्ण पडदा असाच करायचाय, दोरी-दोरीनं. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण येत नाही. दोन दोऱ्यांमधलं अंतर खाली रुंद आणि वर निमुळतं होत जातं, आणि प्रत्येक फटीतून माणसाचा थोडा थोडा भाग दिसायला लागतो. कान, शर्टाची कॉलर, कोपर.

२७ फेब्रुवारी

पहिली चाचणी छाप. काचेवर शाई पसरून रोलर फिरवत राहायचं. सुरुवातीला चिकट ओढल्यासारखा आवाज येतो, मग हळूहळू तापल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे पडावेत तशी बारीक चरचर. ती चरचर ऐकू आली की थर योग्य. डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा, हे सरांचं सांगणं खरं ठरलं.

न्यूजप्रिंटवर छाप घेतली, स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासून. कॉलेजचा प्रेस आहे, पण चमच्यानं कुठं दाब वाढवायचा हे आपल्या हातात राहतं. कागद एका कोपऱ्यातून उचलून पाहिला. उजेड बांधला गेलाय! दारातला पट्टा तिरक्या तुटक कंगोऱ्यांनी भरलाय आणि त्यात खरंच धूळ तरंगतेय असं वाटतं. माणसाचं डोकं मात्र पार्श्वभूमीत मिसळतंय. तिथं काळ्यावर काळं आहे. कपाळाच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ हवी, ट्यूबलाइटकडून येणारी.

९ मार्च

ऊन वाढलं आणि शाई बदलली. तेलाची शाई उष्णतेत पातळ होते, बारीक फटींत उतरते आणि दोऱ्यांचा पडदा बुजतो. पाण्याची शाई तर पंख्याखाली काचेवरच वाळून जाते, कागदापर्यंत पोचतच नाही. यावर दोन गोष्टी केल्या. शाईत मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड थोडी थोडी मळली, त्यानं ती घट्ट होते. आणि छपाई पहाटे, ऊन चढायच्या आत. घरातले सगळे झोपलेले असतात आणि गल्लीत कुठला तरी रातपाळीचा माग चालू असतो. त्या ठेक्यावर रोलर आपोआप चालतो.

१८ मार्च

दुसरा ब्लॉक: धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरणारी बाई. आमच्या शेजारच्याच मावशी, तासन्‌तास बसून देतात आणि बोलतही राहतात. त्यांच्या चेहऱ्यानं बरेच दिवस घेतले. राखाडी रंग नाही, त्यामुळे गालाची गोलाई दाखवायची कशी? कोरणीच्या रेघा गालाभोवती फिरवल्या तर चेहरा लाकडी वाटतो. ग्रंथालयात जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ आणि आपल्याकडचे चित्रकार चित्तप्रसाद यांच्या छापा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कोलविट्झच्या काष्ठमुद्रांत चेहऱ्याचा अर्ध्याहून अधिक भाग अंधारात असतो, आणि उरलेल्यात थोड्याच जाड, खडबडीत खुणा. चित्तप्रसाद यांनी लिनोत कष्टकऱ्यांची मुलं कोरली, त्यांत डोळे मोठे आणि कडा ठाम. दोघांनाही गोलाईचा सोस नाही. त्यांनी प्रकाश कुठून येतोय ते ठरवलं आणि तेवढंच कोरलं.

मीही मावशींच्या एका बाजूचं गालफड, नाकाचं हाड आणि हाताची बोटं, एवढंच उजेडात ठेवलं. बोटं जास्त तपशिलानं. कांडीवर सूत धरायची त्यांची तर्जनी वाकडी झालीय, ती दिसलीच पाहिजे. मावशींनी छाप पाहून पहिला प्रश्न विचारला, "ही कांडी भरत आलीय का रिकामी?" भरत आलेली आहे, असं सांगितलं तेव्हा समाधान झालं.

३० मार्च

शेवटचं चित्र दोन रंगांत करायचा बेत होता, तो सोडून दिला, कारण त्यापेक्षा चांगलं काही सापडलंय.

काल रात्री गच्चीवर चादर झटकताना ती उलटी पडली. आमच्या घरातल्या चादरीला उलटी बाजू अशी नाहीच. एका बाजूला तपकिरी जमिनीवर पिवळी नक्षी, तर दुसऱ्या बाजूला पिवळ्या जमिनीवर तीच नक्षी तपकिरी. दोन थर एकत्र विणलेले, आणि नक्षीच्या कडेला ते एकमेकांची जागा घेतात. जन्मापासून अंगावर घेतेय, चित्र म्हणून काल पाहिली.

म्हणून शेवटचं काम जोडचित्र: कारखान्याची एकच चौकट, दोन ब्लॉक. पहिल्यात जे कोरलं ते दुसऱ्यात ठेवायचं, पहिल्यात जे ठेवलं ते दुसऱ्यात कोरायचं.

७ एप्रिल

जोडचित्रावर सरळ उलटापालट चालत नाही, हे आराखड्यातच कळलं. चादरीवरची नक्षी सपाट असते, तिच्यावर कुठूनही उजेड पडत नाही, म्हणून रंग उलटले तरी मोर मोरच राहतो. माझ्या चौकटीत दार आहे, ट्यूबलाइट आहे, माणूस आहे. सगळं उलटं केलं तर ट्यूब काळी होते आणि दारातून अंधार आत येतो. पण दारातला अंधार खोटा नाही! रात्री दार तसंच दिसतं. म्हणजे दार उलटायचं, ट्यूब उलटायची नाही. पहिला ब्लॉक दिवसपाळी, दुसरा रातपाळी. दिवसा दारातल्या उजेडापुढे काळ्या दिसणाऱ्या दोऱ्या रात्री ट्यूबच्या उजेडात काळ्यावर पांढऱ्या होतात. माणसाचा चेहरा दिवसा सावलीत, रात्री उजेडात. कोणती वस्तू उलटेल आणि कोणती जागेवर राहील हे एकेक करून ठरवण्यात पूर्ण आठवडा गेला, आणि या प्रकल्पातला हाच मला सगळ्यात आवडलेला आठवडा.

खात्री करायला रातपाळीला मामाबरोबर कारखान्यात जाऊन बसले. दारातला अंधारही सलग काळा नसतो. समोरच्या भिंतीवर रस्त्यावरच्या दिव्याचा पुसट डाग पडतो. तो घेतला. हा अंधाराचा बांध.

१९ एप्रिल

अंतिम छपाई पूर्ण. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा, मध्यम जाडीचा, किंचित ओलसर करून दोन टीपकागदांमध्ये रात्रभर ठेवलेला. कोरडा असता तर चमच्याला दाद देत नव्हता. दोरीवर चिमट्यांनी छापा टांगल्यात. तेलाची शाई पुरती वाळायला आठवडा तरी लागेल, हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप.

२७ एप्रिल

क्रमांक घालायला बसले. डावीकडे पेन्सिलीनं प्रतीचा आकडा, तिरक्या रेघेखाली एकूण प्रती, मधे नाव, उजवीकडे सही. सगळ्या प्रती एकसारख्या हव्यात, हा मुद्राचित्राचा शब्द असतो. दोन प्रतींत दोऱ्या थोड्या बुजल्यात, त्या संचाबाहेर काढल्या.

मामाला जोडचित्र दाखवलं. दिवसपाळीवरून त्याची नजर लवकर सरकली. रातपाळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे चांगलं बांधलंस." मग खाली डाव्या कोपऱ्यात, बीमशेजारी (ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळाशेजारी), थांबला. "इथं अजून तरंगायलाय बघ." तिथं मी जमिनीवरचा उजेड अगदी गुळगुळीत कोरलाय. सरांना तो कोपरा आवडला होता, त्यामुळे डोळ्यांना जरा आराम मिळतो असं ते म्हणाले. मला मामाचं पटतंय. त्या जमिनीवर कायम सुताचे तुकडे पडलेले असतात, आराम कसला? मूल्यमापनासाठी संच आहे तसाच जाईल. पण ब्लॉकमधून काढून टाकलेलं परत भरता येत नाही, म्हणून तो कोपरा वेगळ्या छोट्या लिनोवर नव्यानं कोरतेय, सुताच्या तुकड्यांसकट. कारखान्यात वाटायच्या प्रती त्या जोडणीनं छापीन. दोन लिनोंमधला सांधा बीमच्या काळ्या सावलीत लपतो का, ते उद्या पहाटे बघायचं.